बाजू बदलली, चिन्ह बदललं : सोप्या समीकरणाच्या शिकवणीचा आढावा

गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा. भोपाळमधल्या भेलच्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, या वस्त्यांत संध्याकाळी सातवी-आठवीच्या शिकवण्या भरतात. त्यातल्या कुठल्याही एकीच्या खिडकीखाली जरा वेळ उभं राहिलं तर एक वाक्य कानावर पडणारच : ‘प्लस उधर जाएगा तो माइनस हो जाएगा.’ मराठी घरातलं पोर तेच वाक्य घरी येऊन मराठीत म्हणतं, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ पुण्यात, नागपुरात, लातुरातही हेच म्हटलं जातं. पुस्तकात त्याला पक्षांतर किंवा पक्षांतरण असं भारदस्त नाव आहे. एकचल समीकरण सोडवण्याची भारतातली बहुसंख्य मुलांची सगळी पुंजी या एका वाक्यात मावते.

नियम खोटा नाही. पण तो पाठ झाला म्हणजे समीकरण आलं का? या प्रश्नावर गेली चाळीस-पन्नास वर्षं जगभर बराच अभ्यास झाला आहे, आपल्याकडे मुंबईतही झाला आहे, आणि त्याआधी शेकडो वर्षं आपल्याच ग्रंथकारांनी या गणिताच्या वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो : हरकत नियमाला नाही, तो ज्या घाईनं शिकवला जातो तिला आहे.

गोविंदपुऱ्यात हा प्रश्न नुसता परीक्षेचा नाही. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी निघाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक सहकार्यानं इथं कारखाना उभा राहिला, आणि १९६० साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. ट्रान्सफॉर्मर, जलविद्युत टर्बाइनं, रेल्वे इंजिनांच्या मोटारी असा इथला माल. शेजारी छोट्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत, आणि जवळच सरकारी आयटीआय. दहावीनंतर इथली कितीतरी मुलं फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन होतात, आणि आयटीआयमध्ये ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ नावाच्या विषयात सातवीतलं तेच समीकरण पुन्हा त्यांच्यासमोर येऊन उभं राहतं.

लेथचंच घ्या. २५ मिलिमीटर व्यासाची सळई चकमध्ये पकडली आहे, आणि हत्याराला मिनिटाला ३० मीटर कटिंग स्पीड झेपतो. मिनिटाला किती फेरे ठेवायचे? सूत्र सांगतं की पाय (π), व्यास आणि फेरे यांचा गुणाकार करून हजारानं भागलं की कटिंग स्पीड मिळतो. म्हणजे ३० = ३.१४ × २५ × क्ष ÷ १०००. उत्तर ३८२च्या आसपास येतं, आणि मग मशीनवर त्याच्या खालची जी गती उपलब्ध असेल ती निवडायची. इथं ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे वाक्य काहीच कामाचं नाही, कारण बेरीज-वजाबाकी मुळात नाहीच. हजार कुठं जाणार, ३.१४ कुठं जाणार? ज्यानं फक्त वाक्य पाठ केलं तो इथं अडतो.

इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडमध्ये ही अडचण ओळखून एक पळवाट फार पूर्वी काढलेली आहे : ओहमच्या नियमाचा त्रिकोण. वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरलेलं दिसेल तसं करायचं. वर-खाली दिसलं तर भागाकार, शेजारी-शेजारी दिसलं तर गुणाकार. युक्ती झकास आहे आणि परीक्षेत मार्क मिळवून देते. पण तीन सूत्रांच्या जागी तिथं एकच समीकरण आहे, ही गोष्ट त्रिकोण झाकून ठेवतो. पुढच्याच धड्यात ट्रान्सफॉर्मर येतो. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करायचे आहेत, प्रायमरीला ११५० टर्न आहेत, सेकंडरीला किती? आता राशी चार झाल्या, क्ष छेदात जाऊन बसला, आणि त्रिकोण संपला. वाइंडिंगच्या टेबलावरचा जुना कारागीर हे समीकरण मांडतच नाही. २३० व्होल्टला ११५० म्हणजे व्होल्टमागं पाच टर्न, बाराला साठ. हे आपलं जुनं त्रैराशिक. बीजगणित न येताही तो बरोबर उत्तर काढतो, आणि त्यात काही कमीपणा नाही. बीजगणिताची गरज कधी पडते हे मात्र यातून नीट कळतं : अज्ञात राशी एकाच जागी असेल तोवर अंकगणित पुरतं.

हा ‘एकाच जागी’चा मुद्दा पुढं पुन्हा येईल. त्याआधी थोडं मागं जाऊ, फार लांब नाही, भोपाळपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सीहोरला.

१८३०च्या दशकात भोपाळ संस्थानाचा इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन सीहोरला राहत असे. तिथल्या संस्कृत पाठशाळेत त्यानं सिद्धांतग्रंथांचं अध्यापन सुरू करवलं. नवं युरोपीय ज्योतिष इथल्या लोकांना पटवायचं तर ते भास्कराचार्यांच्या वाटेनंच पटेल, ही त्याची धारणा, आणि ती त्यानं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडलीही. १८३८ साली नागपुरात त्याला एक मराठी मुलगा भेटला. १८२१चा जन्म, लीलावती आणि बीजगणित नागपुरातच ढुंढिराज मिश्रांकडे शिकलेला. विल्किन्सननं त्याला सीहोरला आणलं. तिथं त्यानं सेवाराम यांच्याकडे सिद्धांताचा अभ्यास केला, शिवाय युक्लिडची भूमितीही. हेच पुढं काशीच्या संस्कृत कॉलेजात नावाजलेले बापूदेव शास्त्री. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्यांची नोंद घेतली आहे. बापूदेवांनी हिंदीत बीजगणिताचं पुस्तक लिहिलं. माळव्याच्या एका कसब्यात, इंग्रजी शाळांचं जाळं पसरण्याआधी, भास्कराचार्यांची रीत आणि युरोपची रीत एका बाकावर आल्या, आणि त्या बाकावर बसलेला विद्यार्थी मराठी होता. भोपाळच्या मराठी मंडळींना हे माहीत असायला हवं, बहुतेकांना नसतं.

भास्कराचार्यांची रीत होती तरी काय? त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका व्यापाऱ्याकडे ३०० रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखीच. तर घोड्याची किंमत किती? आजच्या भाषेत ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. ते हे कसं मांडतात ते पाहण्यासारखं आहे. बरोबरचं चिन्ह नाही. दोन पक्ष एकाखाली एक लिहायचे, अज्ञाताखाली अज्ञात, रुपयांखाली रुपये : वर ‘या ६ रू ३००’, खाली ‘या १० रू १००’, आणि कर्जाच्या शंभरावर एक टिंब. ‘या’ म्हणजे यावत्-तावत्, आपला क्ष. मग एका पक्षातला अज्ञात दुसऱ्यातून वजा करायचा, रुपये उलट बाजूनं वजा करायचे. दहातून सहा गेले, उरले चार. तीनशेतून ‘ऋण शंभर’ काढले, झाले चारशे. चारशेला चारानं भागलं, घोडा शंभर रुपयांचा. नियम भास्करांचा एकट्याचा नाही. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली तो सांगितला आहे, आणि आर्यभटांनी ४९९च्या सुमारास एका श्लोकात त्याचं बीज घातलं आहे : रुपयांच्या फरकाला वस्तूंच्या फरकानं भागा.

या मांडणीत काहीही इकडून तिकडं जात नाही. जे काढायचं ते दोन्ही पक्षांतून काढलं जातं, त्यामुळं चिन्ह बदलण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे उभाच राहत नाही. चिन्हाचा विचार करावा लागतो तो एकाच ठिकाणी, वजाबाकी करताना, आणि तिथं कर्जाचा अर्थ हाताशी असतो. शंभर रुपयांचं कर्ज माफ झालं की माणूस शंभर रुपयांनी वर येतो, हे कुठल्याही दुकानदाराच्या पोराला सांगावं लागत नाही. आमच्या पुस्तकांतून धन आणि ऋण हे शब्द उरले, व्यापारी आणि घोडे मात्र गेले, हे मला अजूनही खटकतं.

याच परंपरेत आणखी दोन वाटा आहेत. विलोमाची, म्हणजे उलट पावली चालण्याची. एका संख्येला चारानं गुणलं, पाच मिळवले, ६५ आले. तर पाच काढा, चारानं भागा, १५. आणि दुसरी इष्टकर्माची, म्हणजे सोयीचा आकडा धरून चालण्याची. ‘लीलावती’तलं कमळांचं गणित या रीतीचं. ढिगातली एक तृतीयांश, एक पंचमांश, एक षष्ठांश आणि एक चतुर्थांश कमळं निरनिराळ्या देवांना वाहिली, उरलेली सहा गुरूला. एकूण किती? साठ धरा. वीस, बारा, दहा, पंधरा गेली, उरली तीन. हवी होती सहा, म्हणून साठाची दुप्पट, एकशे वीस. इजिप्तमधल्या इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमाराच्या ऱ्हिंड पपायरसमध्येही असंच केलेलं दिसतं : एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९, सात धरून पाहा, आठ येतात, मग प्रमाणात वाढवा. लेकरांना ही रीत फार आवडते, कारण तिच्यात चुकीचं उत्तर गुन्हा ठरत नाही, कच्चा माल ठरतं.

आता ‘एकाच जागी’कडे वळू. १९८९ साली फिलॉय आणि रोहानो या मेक्सिकोतल्या संशोधकांनी दाखवलं की ४क्ष + ५ = ६५ आणि ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० या दोन समीकरणांच्या मध्ये एक खोल चर आहे. पहिलं समीकरण मूल उलट पावली चालून सोडवतं. त्याला क्षशी काही करावंच लागत नाही. दुसऱ्यात अज्ञात दोन्हीकडे आहे, उलट चालायला सुरुवात कुठून करणार? इथं पहिल्यांदा, किंमत माहीत नसलेल्या गोष्टीवर वजाबाकी करावी लागते. बीजगणित खरं इथं सुरू होतं. आपल्या शिकवण्यांत पहिल्या प्रकारची पन्नास उदाहरणं पक्षांतरानं करून घेतात, जिथं त्याची गरज नसते, आणि दुसऱ्या प्रकाराशी पोचेपर्यंत मुलाच्या डोक्यात नियमाचा फक्त आवाज उरलेला असतो.

त्याहून आधीची एक अडचण आहे : बरोबरचं चिन्ह. ‘८ + ४ = □ + ५’ हे उदाहरण अमेरिकेत फॉकनर, लेवी आणि कार्पेंटर यांनी मुलांना दिलं. १९९९ साली त्यांनी लिहिलं की सहावीच्या १४५ मुलांपैकी एकाचंही उत्तर ७ आलं नाही. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. मुलांच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘उत्तर लिहा’ असा हुकूम. कॅरोलिन किएरन यांनी १९८१ सालीच हे बजावलं होतं. आपल्या वह्याही तीच साक्ष देतात. ३क्ष + ५ = २० सोडवताना मूल एका ओळीत लिहितं : २० − ५ = १५ ÷ ३ = ५. उत्तर बरोबर, ओळ खोटी, कारण विसातून पाच गेल्यावर पाच उरत नाहीत. मास्तर लाल पेननं बरोबरची खूण करतात, कारण शेवटी पाच आहे.

आणि मग त्या प्रसिद्ध चुका. ३क्ष = १५ मधला तीन पलीकडे नेताना त्यालाही उणे लावलं, क्ष = १५ ÷ (−३) = −५. वाक्यानं तसंच सांगितलं होतं ना, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. ५ + ३क्ष चं ८क्ष झालं. ७ − क्ष = ४ मध्ये सात पलीकडे गेला, −क्ष = −३ झालं, आणि मूल तिथंच थांबलं; क्षच्या आधीची रेघ त्याला दिसलीच नाही, किंवा दिसूनही तिचं काय करायचं ते वाक्यात नव्हतं. यातली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल नियम इमानदारीनं पाळतंय. नियमाची हद्द त्याला कुणी सांगितलेली नाही.

मग तराजू? तराजूचं चित्र आज प्रत्येक पुस्तकात आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात आहे. एनसीईआरटीच्या २००७च्या सातवीच्या पुस्तकात ‘सरल समीकरण’ या प्रकरणात मनातली संख्या ओळखण्याचा खेळ आहे, मग तराजू आहे, आणि त्याच प्रकरणात काही पानांनी पक्षांतरणही. पुस्तक लिहिणाऱ्यांनी क्रम बरोबर लावला. पण वर्गात पहिली पानं गोष्टीसारखी वाचून सोडतात आणि पक्षांतरणापाशी येऊन ‘आता शॉर्टकट’ म्हणून गाडी थांबते. तराजूलाही मर्यादा आहेत. २क्ष + ७ = ३ घ्या. तीन किलोच्या पारड्यातून सात किलो कसे काढणार? तिथं तराजू मुलाला सोडून देतो. तिथं भास्कराचार्यांचा कर्जदार व्यापारी जास्त उपयोगी पडतो. तराजू पहिल्या आठवड्यासाठी उत्तम, महिनाभर ओढला तर अडगळ.

एनसीईआरटीच्याच नव्या ‘गणित प्रकाश’ मालिकेत सातवीला अक्षरसंख्यांवर वेगळं प्रकरण दिलं आहे, म्हणजे समीकरणाला हात घालण्याआधी राशीशी ओळख. हा बदल मला योग्य दिशेचा वाटतो, आणि त्यामागचा विचार मुंबईतल्या एका कामाशी जुळतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमण्यम आणि राखी बॅनर्जी यांनी सहावीच्या मुलांबरोबर बीजगणिताच्या सुरुवातीवर प्रयोग केले; त्यांत मराठी माध्यमाची मुलंही होती. त्यांचा भर पदांवर होता. १९ − ३ × ४ या राशीत दोन पदं आहेत, +१९ आणि −३ × ४, आणि चिन्ह हे पदाचंच अंग आहे, असं मुलांना अंकगणितातच दिसू द्यायचं. राशी न सोडवता दोन राशी सारख्या आहेत का ते ओळखायला लावायचं. मुलाला ‘−क्ष’ हे एक पद म्हणून दिसायला लागलं तर ७ − क्ष = ४ मधली ती रेघ हरवत नाही. आपल्या डीएडच्या अभ्यासक्रमांत हे काम आणखी पोचायला हवं.

एक कटू गोष्टही नोंदवायला हवी. समीकरणात अडलेली बरीच मुलं मुळात समीकरणात अडलेली नसतात. ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलेल्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. ज्याला भागाकार येत नाही त्याला ७क्ष = १६१ कसं सुटणार? अशा मुलाला तुम्ही तराजू दाखवा, घोडे दाखवा किंवा पक्षांतर घोकून घ्या, फरक पडत नाही. आधी पाढे आणि भागाकार, मग क्ष. हे सांगायला संशोधक लागत नाही, पण ते करायला वेळ लागतो, आणि शिकवणीवाल्याकडे तो नसतो.

उरला तो सर्वांत अवघड भाग, शब्दांतून समीकरण उभं करणं. १९८०च्या आसपास अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एक वाक्य दिलं : विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. ३७ टक्के चुकले, आणि चुकणाऱ्यांतले बहुतेक उलटं लिहून चुकले. आपल्या कारखान्यात ते असं होईल : कामगार सुपरवायझरांच्या सहापट. क ही कामगारांची संख्या आणि स ही सुपरवायझरांची, तर क = ६स. मुलं लिहितात ६क = स, कारण वाक्यात ‘सहा’ कामगारांना चिकटलेला आहे, आणि क म्हणजे कामगारांची संख्या हे विसरून ती क म्हणजे ‘एक कामगार’ असं वाचतात. अशा मुलाला समीकरण सोडवण्याचं कितीही कौशल्य दिलं तरी ते चुकीचंच समीकरण बिनचूक सोडवणार. आकडा घालून पाहिला तर चूक दोन सेकंदांत पकडली जाते : सुपरवायझर दहा, कामगार साठ, आता ६ × ६० = १० होतं का?

समीकरण मांडण्याचं हे काम आज पुन्हा महत्त्वाचं झालं आहे. मोबाइलचा कॅमेरा वहीवर धरला की फोटोमॅथसारखं अ‍ॅप समीकरणाच्या पायऱ्या लिहून देतं. सोडवण्याचं काम यंत्रानं घेतलं. मांडणं आणि पडताळणं माणसाकडे राहिलं, आणि आपल्या वर्गांत सर्वांत कमी वेळ याच दोन कामांना मिळतो. जुन्या अंकगणितात ताळा करून पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. वाण्याच्या वहीतही नाही आणि शाळेच्या पाटीवरही नाही. समीकरणाचा ताळा तर सगळ्यांत सोपा : आलेली किंमत दोन्ही बाजूंना घाला, दोन्हीकडे एकच आकडा येतो का पाहा. वर दिलेल्या −५च्या चुकीला यानं जागच्या जागी पकडलं असतं, ३ × (−५) म्हणजे −१५, पंधरा नव्हे. कुठली चूक झाली हे ताळा सांगत नाही, पण चूक झाली हे सांगतो, आणि ते मास्तरांच्या आधी मुलाला सांगतो.

म्हणून शिकवणाऱ्यांना, मग ते गोविंदपुऱ्यातल्या शिकवणीतले असोत की सांगलीच्या शाळेतले, दोन विनंत्या. सातवीत पहिला महिनाभर पक्षांतराचं नाव काढू नका. दोन्ही बाजूंना काय केलं ते मुलानं प्रत्येक ओळीसमोर लिहावं. त्या ओळी लिहून कंटाळला की शॉर्टकट त्याचा तोच शोधील, आणि तेव्हा त्याला आनंदानं नाव सांगा. आणि ज्या उत्तराखाली ताळ्याची ओळ नाही त्याला बरोबरची खूण देऊ नका, उत्तर बरोबर असलं तरीही.